कागदावर तुमचा चौक सुरक्षित आहे

पत्र (थोडं आवरून छापते आहे):

"ताई, आम्ही दक्षिण नागपुरात राहतो. मुलगा नववीत आहे. ट्यूशन घरापासून दीड किलोमीटरवर आहे आणि त्याला सायकलनं जायचं आहे. मध्ये चार पदरी सिमेंट रोड आहे. झेब्रा कधीकाळी होता, आता पुसला गेला. महिन्याभरापूर्वी सासूबाई भाजी घेऊन येत होत्या. दुभाजकाच्या फटीतून उतरल्या आणि एका बाइकवाल्यानं धडक दिली. उजवं मनगट मोडलं. तो थांबलासुद्धा नाही. मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आपण काहीतरी करू या.' साठ अंगठे आले, बैठकीला चार जण. एका कार्यालयात अर्ज दिला, त्यांनी 'रस्ता आमचा नाही' म्हणून दुसरीकडे पाठवलं. दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडे. कोपऱ्यावरचे दुकानदार म्हणतात, फुटपाथ मोकळा केला तर गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार? दीर म्हणतात, छेचाळीस डिग्रीत सायकल ट्रॅक मागणं हे गोऱ्यांच्या देशातलं खूळ आहे. यजमान म्हणतात, मुलाला बॅटरीवाली स्कूटर घेऊन देतो, विषय संपवा. पोलिसात नाही गेलो, म्हातारं माणूस, कुठं चकरा मारायला लावायच्या. सायकल रॅली काढावी असं मनात आहे. सुरुवात कुठून करू? आणि मुलाला सायकल देऊ की नको?
— रस्ता ओलांडणारी"

ताई,

तुम्ही जाता जाता लिहून गेलात की पोलिसात नाही गेलो. मी त्याच ओळीवर अडकले. ट्यूशन, दीर, दुकानदार, रॅली सगळं सांगते, पण आधी सासूबाईंचं मनगट.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत' होते. एखादी जागा धोक्याची आहे की नाही हे सरकार अशाच नोंदींवरून ठरवतं. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राची 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या अशी आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर तीन वर्षांत १० मृत्यू. तुमचा रस्ता महामार्ग नसेलही, पण फाइल उघडणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार, 'इथं अपघात किती झाले?' तुमच्या घरच्या अपघाताचं उत्तर त्या फायलीत शून्य आहे. शेजारच्या गल्लीतल्या कुणाचा पाय सुजला, कुणाच्या पोराची सायकल चेपली, तेही शून्य. आपण सगळे समंजसपणे घरी जाऊन हळद लावतो आणि कागदावर तो चौक अगदी सुरक्षित राहतो.

म्हणून उशीर झाला असला तरी पोलीस ठाण्यात जा. सोबत दवाखान्याचे कागद, एक्स-रे, खर्चाची बिलं घ्या. तारीख, वेळ, जागा नेमकी लिहा, शक्य असेल तर तेव्हा तिथं असलेल्या भाजीवाल्याला सोबत न्या. गाडीचा नंबर माहीत नाही म्हणून तक्रार होत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठीच १ एप्रिल २०२२ पासून केंद्राची भरपाई योजना लागू आहे, मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये. तो अर्ज पुढं महसूल खात्याकडे जातो, पण पाया पोलिसांच्या नोंदीचाच लागतो. पैसे मिळतील तेव्हा मिळोत. त्या जागेच्या नावापुढं एक आकडा लागेल, मला तो हवा आहे.

आता रॅली. बारा-तेरा वर्षांपूर्वी मीही काढली होती. पांढरे टी-शर्ट, छातीवर हिरवं पान, सकाळी सहाला शंकरनगरातून निघालो, सिव्हिल लाइन्सच्या सावलीतून गोल फिरून आलो आणि शेवटी तर्री पोहे. फोटो छान आले. सोमवारी मी बँकेत स्कूटरनं गेले. सिव्हिल लाइन्सला आमची काही गरजच नव्हती. तिथं झाडं आहेत, रुंद रस्ते आहेत, आणि पहाटे तिथं कुणी मरत नाही. आम्ही ज्या रस्त्यांवर घाबरत होतो तिथं गेलोच नाही, कारण घाबरत होतो.

त्या रॅलीतली आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, आणि ती आजही टोचते. परतताना आमच्या शेजारून एक वॉचमन रात्रपाळी संपवून चालला होता. काळी, जुनी, चौकटीची सायकल, हॅण्डलला डबा. आम्ही त्याला हात करून 'या ना काका, सामील व्हा' म्हटलं. तो हसला आणि पुढं गेला. तो तर रोजच सामील होता, हे काही आमच्या डोक्यात शिरलं नाही. नागपुरात सायकल चालवणारे तयार करायचे आहेत असं समजून आपण कामाला लागतो, आणि जे आधीच चालवत आहेत, चालत आहेत, त्यांना मोजतच नाही. पेपरवाला, गवंडीकामाला जाणारे, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, बस स्टॉपपर्यंत पायी जाणारी नर्स. तुमच्या बैठकीला चारच जण आले असं तुम्ही लिहिलंत. या लोकांना बोलावलं होतं का? कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचे नंबरच नसतात.

तेव्हा ट्रॅक मागू नका, शहर बदलायला निघू नका. ज्या फटीत सासूबाई उभ्या होत्या तेवढी एक जागा घ्या. अर्ज, माणसं, वेळ सगळं तिथंच लावा.

आणि पहिलं काम वहीचं. शंभर पानी वही, दोन पेनं, एक मोजपट्टी, बसायला मोडा. साधे तीन दिवस निवडा, सणावाराचे नकोत. सकाळी सात ते आठ, दुपारी बारा ते एक, संध्याकाळी सहा ते सात. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकासाठी एक रेघ ओढा, पण रकाने वेगळे ठेवा: मुलं, म्हातारी माणसं, कडेवर मूल असलेल्या बाया, हातात ओझं असलेले, सायकल ढकलत नेणारे, सायकलवर बसून जाणारे. दुभाजकाच्या फटीत एका वेळी किती जण कोंबून उभे राहतात आणि किती सेकंद थांबतात ते घड्याळ लावून बघा. 'थोडक्यात वाचला' असं तुमच्या तोंडून निघालं की वेळ लिहून ठेवा. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा.

त्याला आधार आहे आणि तो याच शहरातला आहे. २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला. मनपाच्या बसगाड्यांमध्ये पुढचा धोका ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रं बसवली आणि ते इशारे कुठं कुठं वाजतात हे नकाशावर मांडायला घेतलं. जिथं अजून मोठे अपघात नोंदले गेले नाहीत पण इशारे सारखे वाजतात, त्या जागांना त्यांनी 'ग्रे स्पॉट' म्हटलं. काळ्या होण्याआधीच्या करड्या जागा. तुमच्या वहीतला शेवटचा रकाना तेच काम करतो, बिनाबॅटरीचा. पत्रात या प्रकल्पाचं नाव घ्या, वाचणाऱ्याला ते ओळखीचं असेल.

मोजपट्टी कशाला? दुभाजकापासून फुटपाथपर्यंत किती अंतर आहे ते बघायला. दोन पदर म्हणजे साधारण सात मीटर. रस्त्यांचं मानक बनवणारे माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे धडधाकट माणूस सहा सेकंदांत पार होतो. सासूबाई हातात पिशवी घेऊन नऊ सेकंद घेतील. साठच्या वेगानं येणारी बाइक नऊ सेकंदांत दीडशे मीटर येते. सासूबाईंनी पाऊल टाकलं तेव्हा ती बाइक दीडशे मीटर लांब, कदाचित वळणापलीकडे असणार, दिसणारच नाही. 'बघून चालायला काय होतं' असं जे लोक म्हणतात ना, त्यांना हा हिशोब करून दाखवा. आणि बाइकवाल्याच्या बाजूनं बघा. पन्नासच्या वेगात ब्रेकवर पाय जायलाच एक सेकंद गेला तर गाडी चौदा मीटर पुढं आलेली असते, तीसच्या वेगात आठ. मधले सहा मीटर म्हणजे जवळजवळ सासूबाईंचा अख्खा रस्ता. चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथं वेग तीसच्या आत असावा, असं २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला देशोदेशींच्या मंत्र्यांनी ठरवलं ते याच गणितावर.

मग मागायचं काय? इथं बहुतेक लोक दोन चुका करतात. पहिली चूक पादचारी पूल मागण्याची. ऐकायला भारी वाटतं, उद्घाटनाला फीत कापता येते. पण खालून ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी जागा सोडायची म्हणजे पस्तीस-चाळीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. मोडक्या मनगटानं, भाजीची पिशवी घेऊन, मे महिन्यात? सासूबाई पुलाखालूनच जातील आणि मग सगळे म्हणतील, 'पूल बांधून दिला तरी लोकांना शिस्त नाही.' दुसरी चूक म्हणजे रातोरात स्वतःच सिमेंट ओतून गतिरोधक बनवणं. आपल्याकडे हा उद्योग फार. तो टोकदार उंचवटा कारला फक्त हादरा देतो आणि सायकलवाल्याला पाडतो. मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, अलगद चढतो, अलगद उतरतो. गल्लीतले आपले उंटाचे पाठीचे कणे त्यात कुठंच बसत नाहीत.

तुम्ही उंच झेब्रा मागा. म्हणजे झेब्र्याचा पट्टाच रस्त्यापासून थोडा उचललेला, दोन्ही बाजूंनी उतार. गाडीला आपोआप वेग कमी करावा लागतो, चालणाऱ्याला खड्ड्यात उतरल्यासारखं उतरावं लागत नाही, आणि रंग उडाला तरी उंचवटा उडत नाही. मध्ये दुभाजकात थांबायला जागा मागा, निदान दोन मीटर खोल. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते, त्याहून कमी जागा दिली की पुढचं चाक तरी रस्त्यावर येतं किंवा मागचं तरी. फुटपाथची उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी, हे भारतीय रोड काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. तुमचा फुटपाथ मोजा. हातभर उंच असेल, वर विजेची डीपी, खांब, उखडलेले गट्टू आणि कुणाची तरी बंद पडलेली मोपेड असेल. प्रत्येकाचा फोटो काढा, पण फोटोत दुकानाची पाटी येऊ देऊ नका. का ते पुढं सांगते.

हे पत्र द्यायचं कुणाला? नागपुरात हा खरा घोळ आहे. मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), सार्वजनिक बांधकाम खातं, महामार्ग प्राधिकरण, मेट्रो. एकाच रस्त्यावर सिमेंट एकाचं, फुटपाथ दुसऱ्याचा, खांब तिसऱ्याचा. तुम्हाला टोलवलं हे वाईट झालं, पण टोलवणाऱ्याला खरंच ठाऊक नसण्याची शक्यताही आहे. तेव्हा भांडत बसू नका, माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. तीनच गोष्टी मागा: अमुक चौक ते अमुक चौक हा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, त्याच्या कामाचा मंजूर नकाशा, आणि ठेकेदाराच्या दोष-दायित्वाची मुदत, म्हणजे कामातला दोष त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा काळ, कधी संपते. नकाशा आला की त्यात झेब्रा आहे का बघा. पुष्कळदा असतो! नकाशात असलेली गोष्ट मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, अपुरं काम पूर्ण करा म्हणणं आहे. मुदत शिल्लक असेल तर खर्चाचाही प्रश्न उरत नाही.

मनपाचा रस्ता निघाला तर तुमच्या झोन कार्यालयातल्या अभियंत्याला पत्र द्या, प्रत वाहतूक पोलिसांना. नो पार्किंग आणि वेगमर्यादा हे पोलिसांशिवाय होत नाही. आणखी एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि वेगवेगळी खाती तिथं एका टेबलाला बसतात, त्यामुळे 'आमचा नाही' म्हणणं जरा अवघड जातं. पत्र दीड पानांचं असू द्या. पहिल्या परिच्छेदात वहीतले आकडे, दुसऱ्यात मागणी, शेवटी कायदा. कायद्यात दोन ओळी पुरेत. चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२५ ला सांगितलं. आणि रस्त्याच्या आराखड्यातल्या वा देखभालीतल्या कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या १९८अ कलमात २०१९ पासून आहे. हे दमदाटीच्या सुरात लिहू नका. समोरचा अभियंता बहुधा चाळीस फायलींखाली दबलेला तुमच्या-माझ्यासारखाच माणूस असतो. मी एका शाळेसमोरच्या ओलांडणीसाठी चौदा महिने फिरले. तेराव्या महिन्यात एका कनिष्ठ अभियंत्यानंच मला हळूच सांगितलं, "मॅडम, त्या शाळेचं एक पत्र जोडा ना, मग मला वर पाठवता येते." बारा महिने मी ओरडत होते, त्याला एक कागद हवा होता.

दुकानदारांकडे या. त्यांना खलनायक करू नका, आणि म्हणूनच पाट्यांचे फोटो नकोत. त्यांची भीती खरी आहे, अंदाज मात्र चुकीचा असू शकतो. तुमच्या मोजणीत एक रकाना वाढवा: दुकानात शिरणारे किती पायी आले, किती गाडीनं. कोपऱ्यावरचं किराणा आणि मेडिकल असेल तर पायी येणारे कमी नसतील, असा माझा कयास. आकडा काहीही येवो, तो दुकानदाराला आधी दाखवा, अर्जाला नंतर जोडा. आणि काहीतरी द्या. सकाळी माल उतरवायला ठरावीक वेळ मोकळी, एका कारच्या जागेत पाच-सहा दुचाक्यांचा पट्टा. एक दुकानदार तुमच्या बाजूनं सही करायला तयार झाला की बाकीचे निदान गप्प बसतात.

फुटपाथवरच्या भाजीवाल्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण बैठकीत कुणीतरी 'आधी हे हटवा' म्हणणारच. त्या वाटेला जाऊ नका. २०१४ च्या कायद्यानं फेरीवाल्यांना हक्क दिला आहे, त्यांची जागा ठरवायला शहर फेरीवाला समिती असते. आणि संध्याकाळी साडेसातला त्या रस्त्यानं एकटी मुलगी येते तेव्हा भाजीवालीचा दिवा आणि तिचं 'कुठं गेलती वं?' हेच तिचं संरक्षण असतं. सासूबाई पडल्या तेव्हा त्यांना उचललं कुणी, विचारा जरा.

दीरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता, हे शहर कुणाला हसतखेळत चालू देत नाही. पण उन्हात जो चालतो तो हौसेनं चालतच नाही. वर्षाचे दोन-अडीच महिने सोडले तर बाकी हवा कशी असते हे त्यांनाही माहीत आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे काही सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावतात, दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, गाडीवाल्याला चटके नकोत म्हणून. चांगली गोष्ट आहे. फक्त कडेला उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर जाळी नसते, आणि सिग्नल बंद झाला की तिला ओलांडायला मिळणारी फटही बंद होते. ही ओळ तुमच्या पत्रात घाला. सोबत फुटपाथवर कडुलिंब मागा आणि आहेत त्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी करायला सांगा. आपल्या उन्हात सावली नसलेला फुटपाथ म्हणजे तवा.

'गोऱ्यांचं खूळ' याचं उत्तर मात्र त्यांना द्याच. नेदरलँड्स जन्मापासून सायकलींचा देश नव्हता. साठच्या दशकात तिथंही मोटारींनी रस्ते ताब्यात घेतले होते, आणि १९७१ या एका वर्षात चारशेहून जास्त मुलं रस्त्यावरच्या अपघातांत दगावली. मग तिथले आईबाप रस्त्यावर बसले. आंदोलनाचं नावच 'मुलांच्या हत्या थांबवा' असं होतं. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे. रोजचे नव्वद. त्यांच्या डोक्यात कसलं खूळ होतं, विचारा दीरांना. आणि हळू आवाजात विचारा, घरात भांडण नको.

साठ अंगठ्यांचं काय करायचं? रागावू नका, पण पुन्हा बैठकही बोलवू नका. ग्रुपवर 'सहकार्य करा' लिहिलं की लोक अंगठा देतात, कारण तेवढंच मागितलेलं असतं. त्याऐवजी एकेकाला वेगळा मेसेज करा, 'काका, मंगळवारी सकाळी सात ते साडेसात माझ्यासोबत बसाल? फक्त सायकली मोजायच्या.' अर्ध्या तासाचं ठरावीक काम सांगितलं की नाही म्हणायला माणूस लाजतो. निवृत्त लोकांना हे काम फार आवडतं, स्वानुभव आहे. आणि जो माणूस अर्धा तास त्या फटीकडे बघत बसतो तो उठताना तुमचा झालेला असतो. कामाला येणाऱ्या बाईंनाही विचारा. आमच्याकडच्या बाईंना मी विचारलं होतं, कुठं भीती वाटते, तर म्हणाल्या, "भीती वाटून करता काय बाई, जा तं लागतेच ना." मग त्यांनी मला तीन जागा सांगितल्या, त्यातली एक मला वीस वर्षांत दिसली नव्हती. अर्जावर पहिली सही अशा बाईंची घ्या, अंगठा असला तरी चालेल. तो अंगठा ग्रुपवरच्या साठांहून वजनदार.

आता मुलगा. यजमानांना आधी सांगा, बॅटरीवाल्या स्कूटरनं विषय संपत नाही, कदाचित वाढतो. २५ च्या वेगाच्या आतली, २५० वॅटपर्यंतची असेल तर तिला लायसन्स लागत नाही हे खरं. पण त्या फटीतून तीही जाणार, आणि दुकानदार ज्या 'जरा पॉवरवाल्या' गाड्या दाखवतात त्या या व्याख्येत बसत नाहीत. अल्पवयीन मुलानं तसल्या गाडीनं काही केलं तर १९९अ कलमाखाली पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, वर पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे वाचून दाखवा, माझं नाव सांगा हवं तर.

सायकल द्या. पण रस्ता तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. दोन रविवार सकाळी त्याच्यासोबत जा, तुम्ही स्कूटरवर नको, पायी किंवा सायकलवरच. आतल्या गल्ल्यांनी तीनशे मीटर जास्त पडले तरी चालतील. मोठ्या रस्त्याला आला की उतरायचं, सायकल हातात धरून पायी ओलांडायचं, यात कमीपणा नाही हे पंधरा वर्षांच्या पोट्ट्याला पटवणं अवघड आहे, पण आजीचं प्लास्टर त्याच्या डोळ्यांसमोर आहे. उभ्या कारपासून दारभर अंतर ठेवायचं. बस आणि ट्रकच्या डाव्या कुशीत कधी शिरायचं नाही, चालकाला तो तिथं दिसतच नाही. उलट्या दिशेनं शॉर्टकट मारायचा नाही. पुढं पांढरा दिवा, मागं लाल, दोन्ही ब्रेक दर आठवड्याला तपासायचे, हेल्मेट घालायचं. लहान असताना त्याला धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कात नेलं असेल ना? तिथले नियम त्याला येतात. गेटाबाहेर ते नियम पाळणारे किती, हे आता त्याला स्वतः बघायचं आहे, म्हणून वेग त्याचाच कमी हवा. महिनाभर तरी मित्रासोबत जाऊ द्या. दोन सायकली एकीपेक्षा जास्त दिसतात.

त्याला वहीच्या कामातही घ्या. अंतर मोजणं, सेकंद मोजणं, वेग काढणं, नववीच्या गणितात बसतं सगळं. व्हीएनआयटीत, म्हणजे आपल्या शहरातल्या अभियांत्रिकी संस्थेत, वाहतूक अभियांत्रिकी शिकवतात. मोजणी झाली की तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना आकडे दाखवून बघा. तज्ज्ञाच्या दोन ओळी अर्जाला लागल्या तर अभियंत्याला फाइल वर पाठवणं सोपं जातं. २०२० मध्ये केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत आपल्या शहरानं भाग घेतला होता, म्हणजे सायकल हा शब्द सरकारी कागदांना अगदीच परका नाही. हाही उल्लेख जमला तर करा.

किती दिवस लागतील हे सांगता येत नाही. आधी कदाचित नुसता रंग मारून देतील. तो घ्या, आभाराचं पत्र द्या, आणि त्याच पत्रात उंच झेब्र्याची आठवण करा. रंग पहिल्या पावसात फिका पडेल, त्या दिवशीचा फोटो काढून ठेवा.

आणि सासूबाईंना या सगळ्यातून वगळू नका. महिनाभर घरात बसून त्या कंटाळल्या असतील. त्यांचा उजवा हात जखडलाय, पण डोळे शाबूत आहेत आणि त्या चौकात कोण कधी कुठून येतं हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार. मंगळवारी मोडा त्यांच्यासाठी न्या, सावलीत ठेवा, पाण्याची बाटली द्या. त्या तोंडानं सांगतील, रेघा नातवाला ओढू द्या. मोजणी झाली की आकडे मला कळवा, अर्जाचा मसुदा आपण मिळून करू.